मिठाच्या बादलीतली रताळी

माझ्या अंगाला शेणाचा वास येत असे आणि मला त्याची लाज वाटत असे, हे आधीच सांगून टाकते. त्या साली मी पहिल्यांदा जे केलं ते त्या लाजेपोटी, आणि शेवटी जे केलं ते ती लाज चारचौघांत टाकून देऊन. आज केस पांढरे झालेत, नाकाला वासही पूर्वीसारखे कळत नाहीत; पण कुणी शेणाला नाक मुरडलं की माझं डोकं अजून फिरतं. सून म्हणते, आई, जरा दमानं घ्या. मी दमानं घेत नाही.

आमचं घर मुळशीच्या धरणाच्या पाण्याच्या वरच्या अंगाला, टेकाडावर होतं. चांगली खाचरं आजोबांच्या वेळीच पाण्याखाली गेली होती. घरात त्याबद्दल कुणी फारसं बोलत नसे. उन्हाळ्यात पाणी मागे हटलं की जुने बांध उघडे पडायचे, तेव्हा माझे थोरले चुलते, तात्या, ओसरीवर तिकडे पाठ करून बसायचे, एवढंच. उरली होती ती भाताची चार खाचरं आणि उताराची तांबडी, मुरमाड जमीन. घर एकत्र होतं. तात्यांचा शब्द शेवटचा, आणि माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, सकाळी दुधाची किटली घेऊन निघाले की तात्या म्हणतील तसं, एवढं एकच वाक्य मागे ठेवून जायचे. पहाटे जात्याची घरघर, मग गोठ्यात म्हशीचं फुरफुरणं, मग आईचा शेण ओढायचा फावडा दगडी फरशीवर खरडायचा. त्या खरडण्यानं मला जाग यायची.

आई थोरल्या दिराशी तोंडानं बोलत नसे. आमच्याकडे तशी रीतच होती. पदर पुढे ओढून ती माझ्याकडे बघायची आणि जे तात्यांना सांगायचं ते मला सांगायची. तात्या हातभर अंतरावर बसलेले असत, त्यांना सगळं ऐकू येत असे, तरी मी ते पुन्हा म्हणायची. "सुमे, तात्यास्नी म्हणावं, मीठ संपलंय." मी म्हणायची, "तात्या, मीठ संपलंय." मग तात्या म्हणायचे, "तुझ्या आयला सांग, उद्या आणतो." आणि मी वळून तेही आईला सांगायची. बोलायला लागल्यापासून मी हे काम करत होते. भांडण असलं तरी माझ्याच तोंडून व्हायचं; दोघांचा राग मी आळीपाळीनं बोलून दाखवायची आणि कधीकधी दोघांच्या वाटणीचा रट्टाही मलाच बसायचा.

घरामागे आईचा उकिरडा होता. तो घराचा म्हणायचा, पण होता आईचा. शेण, चुलीतली राख, गोठ्यातलं उरलेलं गवत, नाचणीचा भुसा, सगळं ती त्या खड्ड्यात थरावर थर टाकायची, पावसाळ्यात वर पेंढा घालायची, आणि मधूनमधून कोपरापर्यंत हात आत घालून बघायची. हाताला ऊन लागलं तर खत कच्चं. गार लागलं, आणि मुठीत घेतल्यावर भुरभुर सुटलं, की झालं तयार. मुरलेल्या खताला शेणाचा वास येत नाही, पाऊस पडून गेलेल्या रानासारखा येतो. वास यायचा तो ताज्या शेणाचा. रोज सकाळी गोठ्यातून उकिरड्यापर्यंत मी ते पाटीतून न्यायची, डोक्यावर चुंबळ ठेवून, आणि ओलं शेण पाटीच्या फटीतून वेणीत उतरायचं. शिकेकाईनं किती चोळलं तरी शाळेत पोचेपर्यंत ऊन लागून तो वास पुन्हा उठायचाच. माझ्या बाकावर दुसरी मुलगी बसत नसे.

ह्या उकिरड्यावरून घरात दरवर्षी वाद व्हायचा. आमच्याकडे भाताचं रोप टाकायच्या आधी राब भाजतात. रोपाच्या जागेवर शेण, पालापाचोळा आणि गवत यांचे थर द्यायचे, वर माती टाकायची आणि उन्हाळ्यात ते पेटवून द्यायचं. तण मरतं, रोप जोमानं येतं. तात्यांना सगळं शेण राबाला हवं असायचं. आईला निम्मं हवं असायचं, उतारावरच्या तिच्या रताळ्याच्या तुकड्यासाठी. "सुमे, तात्यास्नी म्हणावं, जाळायला रानात पाला काय कमी हाय? शेण जाळून राखच ऱ्हाती. शेण मातीला खाऊ घालायचं असतंय." त्या मुरमाड तुकड्यात आधी कुसळं उगवायची. आईनं सात-आठ वर्षं पाटी पाटी खत घालून तो काळपट केला होता. पायाला तिथली माती मऊ लागायची.

मी आठवीत होते त्या श्रावणात तात्यांनी बाजारातून युरियाची गोणी आणली. साबुदाण्यासारखे पांढरेशुभ्र दाणे, हाताला न चिकटणारे. मला ते फार आवडले. रस्त्याखालच्या त्यांच्या खोल जमिनीच्या तुकड्यात त्यांनीही त्या साली रताळी लावायची ठरवली, बेणंही बाहेरून आणलं. ओसरीवर गोणीला टेकून ते म्हणाले, "सुमे, तुझ्या आयला सांग, आता शेणाची पाटी डोईवर घ्यायचं दिस गेलं. रताळ्याला ह्ये टाक म्हणावं, आन शेण समदं राबाला." आईनं मला सांगितलं की तिला ते नको. मी ते सांगितलं. तात्या चिडले. "म्हाशिवरातीच्या आदल्या दिशी तालुक्याचं शेतकी साहेब येत्यात, रताळ्याचं वजन करत्यात, समद्यांत भारी रताळ्याला बक्षीस देत्यात. तिची भारी निघाली, तर उकिरडा तिचा. माझी निघाली, तर येत्या सालापास्नं शेणाचा एक पो बी वर जायचा न्हाई. इचार तिला, कबूल हाय का?" मी विचारलं. आई गप्प राहिली. तात्यांनी तेच कबूल धरलं.

वरंबे ओढून झाले आणि खत भरायच्या दिवशी आईला माहेरी बारशाला जावं लागलं. वरचे वरंबे तिनं भरले होते, शेवटचे चार माझ्यावर सोपवले. वरंब्याला पाच पाट्या, म्हणजे वीस पाट्या. मी तीन नेल्या. चौथी उचलून रस्ता ओलांडत होते, तेवढ्यात माझ्या वर्गातल्या चार मुली समोरून आल्या. त्यांनी काही वाईट म्हटलं नाही हो. पाटीत मुरलेलं खत होतं, तरी एकीनं फक्त पदरासारखी ओढणी नाकाला लावली आणि बाकीच्या तिघी हसू दाबत पुढे गेल्या. मी पाटी घेऊन उकिरड्यावर परत आले आणि जिथलं खत तिथं उपडं केलं. तीन पाट्या टाकलेलं खतही खोऱ्यानं भरून परत आणलं, इतका मला त्याचा राग आला होता. मग तात्यांच्या गोणीतून तांब्याभर युरिया काढला, चारही वरंब्यांत टाकला, वर माती ओढली. हात धुतले तर वास नाही! रताळी भारी निघतील, आई जिंकेल, आणि मग मीच तिला सांगेन की बघ, शेणाशिवाय झालं. असा माझा हिशेब होता. आई आल्यावर म्हटलं, भरल्या वीसच्या वीस. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बरं."

लावणीनंतर महिन्या-दीड महिन्यात त्या चार वरंब्यांवरचा वेल असा माजला की बघत राहावं. गर्द हिरवा, पानं तळहाताएवढी, दुसऱ्या वरंब्यांवर चढायला लागला. आई येता-जाता तिथं थांबायची, वेल उचलून पलीकडे टाकायची. मला वाटलं, कौतुक वाटत असेल.

काढणी माघात झाली. माझ्या वरंब्यांची रताळी मोजकी होती पण लांबलचक, फुगीर, फिकट सालीची. आईची मुठीएवढी, साल लालभडक, माती सोडायला तयार नाहीत अशी घट्ट. त्या दिवशी आईनं नेहमीसारखी चुलीतल्या निखाऱ्यांच्या आरात दोन्ही भाजायला टाकली. आमच्याकडे पहिल्या काढणीचं रताळं भाजून, मीठ लावून, ताकाबरोबर खायचं. माझं रताळं सोललं तर आत दोरे आणि ओलसर गर. जिभेवर पाणी झालं आणि चव निघून गेली. आईचं मोडलं की पीठ सांडायचं, घशाला बसायचं, ताकाचा घोट घेतल्याशिवाय उतरायचं नाही, आणि एका रताळ्यात पोट भरायचं. मी दोन्ही खाल्ली आणि खाली मान घालून बसले. आईनं विचारलं, "कसं लागलं?" मी म्हटलं, "सारखंच."

साहेब आले तो दिवस मला तासातासानं आठवतो. शाळेच्या पडवीत टेबल मांडलं होतं, त्यावर तराजू. साहेब तरुण होते, पुण्याकडचे, चष्मा लावलेले, बोलायला मऊ. आधी त्यांनी येत्या हंगामासाठी भाताचं बी कसं निवडायचं ते दाखवलं. बादलीभर पाण्यात मापानं मीठ विरघळवलं आणि त्यात साळीचं बी ओतलं. निम्मे दाणे वर तरंगले, निम्मे तळाला गेले. "डोळ्यांना सगळे दाणे सारखेच दिसतात," ते म्हणाले, "म्हणून डोळ्यांवर भरवसा ठेवू नका. वर आलं ते पोचट, काढून टाका. तळाला बसलं ते भरीव." बादली तशीच कडेला राहिली आणि वजनं सुरू झाली; कुणाची जमीन कुठली, बेणं कुठलं, खत कुठलं, तेही साहेब वहीत लिहून घेत होते.

तात्यांचं एक रताळं टेबलावर ठेवलं तेव्हा पडवीत आवाजच उठला. तान्ह्या पोराएवढं होतं ते. तराजूचं पारडं दाणकन खाली गेलं. मग आईची पाटी आली. कुणीतरी मागून म्हणालं, "वयनी, रताळी हायेत का लिंबं?" सगळे हसले. दादा सगळ्यांत मागे उभे होते, तेही कसनुसं हसले, आणि त्याचा मला इतर सगळ्यांपेक्षा जास्त राग आला. अजून आहे. तात्या मोठ्यानं म्हणाले, "सुमे, तुझ्या आयला सांग, ठरल्यालं हाय. उकिरडा राबाला." आईचा पदर नाकापर्यंत आला होता. तिनं माझ्या दंडाला धरलं आणि हळूच म्हणाली, "सुमे, सांग, वजान पाण्याचं बी असतंय."

मी सांगितलं. पुन्हा हसले. साहेब मात्र हसले नाहीत. "पाण्याचं वजन," ते म्हणाले, "असेलही. पण ते कसं दाखवणार, बाळ?"

ते बाळ म्हणणं मला झोंबलं. मी तात्यांच्या पाटीतलं बादलीत मावेल असं एक रताळं उचललं आणि मिठाच्या पाण्यात टाकलं. ते एकदा खाली गेलं आणि वर येऊन निवांत पडून राहिलं. मग आईचं टाकलं. ते सरळ तळाला गेलं, भाताच्या बियांवर जाऊन बसलं. दुसरं टाकलं, तेही गेलं. तिसरंही. मी साहेबांकडे बघून म्हटलं, "तुमीच सांगितलंत. वर आलं त्ये पोचट."

साहेब वाकून बादलीत बघत राहिले. मग सरळ होऊन म्हणाले, आणि ते बरोबरच म्हणाले, "पण ह्यावरून खताचं काही ठरत नाही. ह्यांची जमीन खाली, तुमची वर. बेणं वेगळं, पाणी वेगळं. जमिनीनंही फरक पडतो. एकाच जमिनीत, एकाच बेण्याचं, एकाला शेण आणि एकाला युरिया, असं कुणी केलं असतं तर गोष्ट वेगळी."

तात्यांचा चेहरा खुलला. आईनं मान खाली घातली; आणि मला कळलं की ह्या सबंध पडवीत साहेबांना उत्तर देऊ शकेल असं एकच माणूस आहे. तोंड उघडलं तर मी चोर ठरणार होते, खोटारडी ठरणार होते, आणि तेही त्या चार मुली पुढच्या ओळीत बसलेल्या असताना. नाही उघडलं तर आईचा सात-आठ वर्षांचा तुकडा पुन्हा मुरूम होणार होता.

"केलंय," मी म्हटलं. "मी केलंय. आयनं मला चार वरंब्यांत शेणखत भरायला सांगितलं हुतं. मी भरलं न्हाई. मला पाटी उचलायची लाज वाटली. तात्यांच्या गोणीतला युरिया चोरला आन त्यो टाकला. आयला खोटं सांगितलं. जमीन तीच, बेणं तेच, पाणी तेच. त्या वरंब्यांची रताळी घरी हायेत, मी पळत जाऊन आणते."

मी वळले तर आई खाली बसली होती. कमरेला बांधलेलं फडकं तिनं सोडलं आणि त्याची गाठ उकलली. आत माझी रताळी होती. लांब, फुगीर, फिकट. तिनं ती एकेक करून माझ्या हातात दिली.

चारपैकी चारही तरंगली.

"माझ्या गोणीतनं चोरलास?" तात्या ओरडले. "व्हय तात्या," मी म्हटलं, "चोरला." इतक्या वर्षांत त्यांच्याशी मी स्वतःचं असं बोललेलं ते पहिलं वाक्य असावं. साहेबांनी चष्मा पुसला. नियम वजनाचा आहे, म्हणून बक्षीस तात्यांनाच मिळेल, असं त्यांनी सांगितलं, आणि पुढे म्हणाले, "मात्र ह्या बाईंच्या रताळ्यात पाणी कमी आणि पीठ जास्त आहे, एवढं ही बादली सांगते. बाकी रताळ्यात कस किती आहे ते बादलीला कळत नाही." जाताना त्यांनी आईची दोन रताळी मागून रुमालात बांधून नेली. तात्यांना स्टीलचा डबा मिळाला.

इथं थोडं आजचं बोलते. पुढे मी अंगणवाडीत पोरांना खाऊ घालण्यात उभं आयुष्य काढलं, आणि लोह, पिष्ट, जीवनसत्त्व हे शब्द तिथं शिकले. प्रशिक्षणाला आलेल्या प्रत्येक तज्ज्ञाला मी हाच प्रश्न विचारला. कुणी म्हणालं, शेणखतावरच्या कंदात कोरडा अंश जास्त, क्षारही बरे भरतात. कुणी म्हणालं, फरक थोडा असतो, वाण आणि जमीन जास्त मोठी. दोघांचंही खरं असेल. बादलीत जीवनसत्त्व मोजता येत नाही, हे मला आता कुणी शिकवायला नको. पण आईचं रताळं चैत्रापर्यंत राखेत टिकायचं आणि तात्यांचं पंधरा दिवसांत पाणी सोडायचं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आता त्याच रस्त्याला हॉटेलांच्या पाट्या लागल्यात आणि शनिवार-रविवारी गाडीतून उतरणारी माणसं 'सेंद्रिय' असं लिहिलेली रताळी दुप्पट पैसे देऊन घेतात. घ्या बापडे. पण तेच लोक गोठ्याशेजारून जाताना काच वर करतात, तेव्हा माझ्या तोंडात शिवी येते.

त्या दिवशी घरी परतताना आई पुढे, मी मागे. ओढ्यापाशी मी विचारलं, "तुला ठावं हुतं?" ती न थांबता म्हणाली, "वीस पाट्या गेल्या म्हणालीस आन उकिरडा हाय तेवढाच. मला काय डोळं न्हाईत?" मग म्हटलं का नाहीस, मी विचारलं. "मी कशापायी म्हणू? केलंस तू. तुझ्याच तोंडनं यायला पायजे हुतं." मारलं नाही तिनं. मारलं असतं तर बरं झालं असतं, असं मला ओढ्यापासून घरापर्यंत वाटत राहिलं. दारात पोचल्यावर म्हणाली, "त्ये चार वरंबं आता तुझं. त्यांचं खत तूच वाहायचं." पुढची चार वर्षं, माझं लग्न होईपर्यंत, मी ते वाहिलं, आणि वेणी न धुता शाळेत गेले. बाकावर ऐसपैस बसायला मिळायचं.

महाशिवरात्र झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या पाटी आणि फावडा घेऊन उकिरड्यावर आले. बादली, साहेब, पडवी, काही झालंच नाही अशा थाटात ते म्हणाले, "सुमे, तुझ्या आयला सांग, बाजूला व्हय म्हणावं. वजान म्हंजी वजान." माझ्या डोक्यावर भरली पाटी होती. मी सवयीनं आईकडे वळले आणि तोंड उघडलं. आईनं हातानं मला मागे सारलं. ती उकिरड्याच्या काठावर आली, तात्यांच्या समोर, आणि तिनं पदर मागे घेतला. माझ्या जन्मात मी तिला तात्यांकडे थेट बघताना पाहिलं नव्हतं.

"भावजी," ती म्हणाली, "निम्मा राबाला न्या. निम्म्याला हात लावायचा न्हाई."

तात्यांनी तिच्याकडे पाहिलंच नाही. ते माझ्याकडे बघू लागले. त्यांचे ओठ हलले, मान माझ्याकडे कलली, नेहमीसारखी. "सुमे," ते म्हणाले, "तुझ्या आयला सांग..."

पाटीतलं ओलं माझ्या वेणीतून मानेवर उतरत होतं. मी ते पुसलं नाही.

"तुमीच सांगा, तात्या," मी म्हटलं. "ती समोरच हाय."